बुधवारचा डबा आणि दीडशे माणसं

९ मार्च २०२६ रोजी कारेगावच्या आरोग्य समितीच्या खात्यावर १,१८,६०० रुपये जमा झाले. दारू हाताबाहेर जाण्याआधीच माणसाला गाठायचं, त्यासाठीचा हा सरकारी निधी. अट एकच, पण कडक. एकतीस मार्चच्या आत दीडशे कामगारांची तपासणी झाली पाहिजे. झाली तर पुढची दोन वर्षं पैसे येतील आणि दर आठवड्याला समुपदेशक गावात बसेल. नाही झाली, तर उरलेली रक्कम परत आणि विषय बंद.

या समितीवर सुलतानबी तांबोळी होत्या. माहेर घोडनदीचं, वय चोपन्न. वीस वर्षांपूर्वी नवऱ्याचा, बाबुलालचा, पाय ट्रकखाली सापडला, तेव्हा त्यांनी चार डब्यांवर खाणावळ सुरू केली. आज शहाऐंशी डबे जातात. कोणाचा डबा रिकामा आला, कोणाचा भरलेलाच परत आला, हे त्या रोज वहीत टिपतात. समितीत दारूचा विषय निघाला की बाकीचे अंदाज सांगायचे, सुलतानबी वही उघडायच्या.

"बुधवारी रात्री तीस-पस्तीस डबे भरलेले माघारी येत्यात. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. पोरं जेवायच्या आधीच बसत्यात. मग जेवण कुठलं?"

तरीही पहिलं शिबिर रविवारी झालं. समुपदेशक गौतमी मॅडम दौंडच्या, रेल्वे कॉलनीत वाढलेल्या. सुट्टी म्हणजे रविवार, यात विचारायचं काय, असं त्यांना वाटलं. सुलतानबींचे रोजे चालू होते, त्या नेमक्या त्या सभेला नव्हत्या, आणि तारीख ठरून गेली. 'भव्य व्यसनमुक्ती शिबिर' असा फलक लागला. मंडप, स्पीकर, दोनशे खुर्च्या. इकडे सगळे कामगार ड्युटीवर! आली अकरा माणसं. आठ म्हाताऱ्या, दोन पेन्शनर आणि स्वतः मंडपवाला ईश्वर.

यादीत धरता येईल असा एकही नाही. गौतमी मॅडमचा चेहरा एवढासा झाला.

"चाची, पैसे परत करावे लागणार."

"परत? अवो, ईदनंतरचा एक बुधवार हाय की अजून!" सुलतानबी म्हणाल्या. "आन् पयला त्यो फलक उतरवा. बेवडा म्हणून रांगेत कोण हुभा राहील? तुम्ही ऱ्हाल का?"

"चारचौघांत? नाही."

"मग! वजन, बीपी, साखर तपासू. दारूचं त्यातच इचारा, पडद्याआड, एकेकाला."

आणि तपासणी खाणावळीतच, जेवणाच्या आधी. निधीत अल्पोपाहारासाठी माणशी साठ रुपये होते. सुलतानबींनी त्यात अंडाकरी बसवली. तपासणीचं कार्ड दाखवायचं, ताट घ्यायचं. पोटात गरम जेवण गेलं की पुढचा पिण्याचा कार्यक्रम आपोआप निम्म्यावर येतो, हा त्यांचा वीस वर्षांचा हिशोब.

२५ मार्चला, बुधवारी, दुपारी साडेतीनला पहिली पाळी सुटली. चारला पातेल्याचं झाकण उघडलं आणि वास रस्त्यापर्यंत गेला. साडेचारला रांग दारातून बाहेर! शिंद्यांच्या चाळीतला एक जण ब्याऐंशी किलो भरला, तर पलीकडच्या चाळीतले ओरडले, "आमचा सत्यजीत याच्यापेक्षा भारी हाय, आणा त्याला!" लगेच चार जण सत्यजीतला उचलायला पळाले. खोल्याखोल्यांतून माणसं यायला लागली. पडद्याआडून गौतमी मॅडमचा आवाज येत होता.

"एका वेळी किती घेता?"

"मोजून कोण पितंय मॅडम?"

"मग आज मोजा. मी थांबते."

सहापर्यंत ब्याण्णव. साडेसहाला एकशे अठरा. गौतमी मॅडम दर पाच मिनिटांनी पडद्यातून डोकं बाहेर काढून आकडा विचारत होत्या, आणि बाबुलाल खुर्चीवरून क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा ओरडून सांगत होते. एकशे अडतीसला बीपीचं यंत्र बंद पडलं.

"सेल गेलं!" ईश्वर म्हणाला आणि तसाच मोटारसायकलवर बसला. तो येईपर्यंत सात मिनिटं गेली. रांगेतले दोघे कंटाळून निघाले, तर सुलतानबी पळी घेऊनच दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"कुठं निघाला? अंडी काय मी एकटीनं खाऊ?"

दोघे हसत मागे फिरले. ईश्वर आला, यंत्र सुरू झालं. एकशे एकोणपन्नासवर मात्र रांग संपली. रस्ता मोकळा. आठ वाजत आले होते आणि तपासणीची वेळ आठपर्यंतच होती.

एवढ्यात पप्पू दिसला. फोर्कलिफ्ट चालवणारा, वय तीस. वहीत बुधवारी त्याच्या नावापुढे सलग पाच महिने भरलेल्या डब्याचीच खूण होती. बरोबर पाच-सहा जण, आणि तोंडं दारूच्या दुकानाच्या दिशेला.

"पप्प्या! इकडं ये."

"चाची, भूक न्हाई आज."

"माहीत हाय. बुधवारी तुला कवाच भूक नसती. जेवू नको, पण वजनकाट्यावर तर हुभा ऱ्हा. का काटा मोडंल म्हणून भ्यालास?"

मागचे खदखदून हसले. पप्पू लाजला आणि काट्यावर चढला. मग पडद्याआड गेला. थोड्या वेळानं तो पिवळं कार्ड घेऊन आला.

"चाची, पिवळं म्हंजी काय? मी बेवडा झालो का?"

"अजून न्हाई," सुलतानबी म्हणाल्या. "म्हणून तर आज बोलावलं. लाल झाल्यावर बोलावून काय उपेग?"

"दीडशे!" बाबुलाल ओरडले, आणि ताटं वाजली. गौतमी मॅडमनी सुलतानबींना मिठीच मारली. पप्पूचे सोबती दारातच उभे होते, वेळ संपली तरी त्यांनाही घेतलं. एकूण एकशे छप्पन्न. पप्पू जेवला, दोनदा रस्सा मागून घेतला. नंतर दुकानाकडे गेला की खोलीवर, ते कोणी पाहिलं नाही. पण पुढच्या बुधवारी त्याचा डबा रिकामा आला, आणि भरलेले परत आलेले डबे एकोणीस होते.

यादी ३० मार्चला शिरूरच्या तालुका कार्यालयात पोहोचली, आणि पुढच्या दोन वर्षांचा निधी मंजूर झाला. गौतमी मॅडम आता दर बुधवारी चार ते आठ खाणावळीत बसतात. सगळ्या खर्चाची बिलं जोडली, फक्त सेलचं पक्कं बिल मिळालं नाही, त्यामुळे ते पैसे खर्चात बसले नाहीत. सेलवाल्या दुकानदाराचे १६० रुपये अजून द्यायचे आहेत.