रणोजी कदमांचं गाव शोधताना

या प्रवासाचं निमित्त पेनसिल्व्हेनियातून आलं. माझी मुलगी ऋचा तिथे शिकते. तिच्या वर्गातल्या एका मुलीचे पूर्वज आमिश होते, म्हणजे आजही घोडागाडीतून फिरणाऱ्या आणि घरात वीज न घेणाऱ्या त्या ख्रिस्ती पंथातले. युरोपातून जहाजाने आलेला त्यांचा पहिला पुरुष कोण, कुठल्या गावचा, हे त्या मुलीने जुन्या याद्यांमधून शोधून काढलं आणि सुट्टीत त्या गावाला जाऊनही आली. ऋचाने हे सगळं फोनवर सांगितलं आणि मग आजोबांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारलं, "आप्पा, आपला पहिला माणूस बडोद्याला कुठून आला?"

आप्पांकडे याचं उत्तर तयार असतं. त्यांचे खापरपणजोबा रणोजी कदम, साताऱ्याकडचे, गायकवाड सरकारच्या फौजेत शिलेदार म्हणून आले. आप्पांचं नावही रणोजीच. आमच्या घरात ते नाव अधूनमधून परत येत राहिलंय. पण ऋचाने पुढे विचारलं, साताऱ्याकडचं कुठलं गाव, तेव्हा आप्पांनी फोन माझ्या हातात दिला. ब्याऐंशी वर्षं झाली आणि आपलं मूळ गाव आपल्याला माहीत नाही, हे त्यांना लागलं. दोन दिवसांनी चहा घेताना म्हणाले, "शुभा, तू गाडी चालवशील का? नाशिकला जाऊ."

नाशिकच का, ते सांगते. आप्पांच्या लहानपणी त्यांच्या आजोबांच्या अस्थी नाशिकला नेल्या होत्या, तेव्हा तिथल्या तीर्थोपाध्यायांनी एका लांबट वहीत सगळ्यांची नावं लिहून घेतल्याचं त्यांना आठवत होतं. ती वही असेल तर गावाचं नावही असेल, असा त्यांचा हिशेब. माझा भाऊ, दादा, बडोद्याजवळ कोयलीच्या रिफायनरीत आहे. त्याला हे सगळं उगाचच वाटलं. या वयात एवढा प्रवास कशाला, गाव सापडून करायचं काय, असं त्याचं म्हणणं. वहिनीने मात्र लहरीपुऱ्यातून दोन किलो लीलो चेवडो, बडोद्याचा तो ओलसर, गोडसर चिवडा, आणून दिला. कुणी सापडलंच तर रिकाम्या हाताने जाऊ नका, म्हणाली.

जानेवारीत आम्ही सुभानपुऱ्यातून सकाळी सहाला निघालो. माझी छोटी गाडी, मागे आप्पांची उशी, औषधांचा डबा आणि ब्लड प्रेशरचं यंत्र. भरूचला पहिला थांबा खारी सिंग, म्हणजे तिथले खारे शेंगदाणे घ्यायला. सुरत बाहेरूनच टाळलं आणि चिखलीला हायवे सोडून वघईच्या रस्त्याला लागलो. नाशिकसाठी मला हा रस्ता आवडतो. डांगचं जंगल सुरू झालं की ट्रक कमी होतात, साग दोन्ही बाजूंनी जवळ येतो. सापुताऱ्याच्या घाटाखाली एका झोपडीवजा हॉटेलात नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि लाल मिरचीचा ठेचा मिळाला. आप्पांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. घाटात वळणं खूप आहेत, उलटीचा त्रास असेल तर जेवण वर जाऊनच करा. थांबत थांबत नाशिकला पोचायला आम्हांला दहा तास लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकुंडाशी गेलो. तुमच्यापैकी कुणाला असा शोध घ्यायचा असेल तर आडनाव, जात, आता राहता ते गाव आणि पणजोबांपर्यंतची नावं कागदावर लिहून न्या. आपलं घराणं कुठल्या उपाध्यायांकडे, हे तिथले लोकच विचारत विचारत सांगतात. आम्हांला चौथ्या घरी "बडोद्याचे कदम" सापडले. गुरुजी चाळिशीतले, चष्मा लावलेले, मोडी सहज वाचणारे. त्यांनी लाल कापडात बांधलेली वही सोडली आणि आप्पांच्या आजोबांपासून मागे मागे जात एका पानावर बोट ठेवलं. रणोजी वलद बाळोजी कदम, म्हणजे बाळोजीचा मुलगा रणोजी. हल्ली वस्ती बडोदे. पत्नी गंगाबाई, पुत्र एक. आणि त्यापुढे मूळ गावाचं नाव, कोरेगावच्या बाजूचं.

आप्पांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, हुद्दा लिहिलाय का. गुरुजी म्हणाले, "मोतद्दार, सरकारी पागा." मोतद्दार म्हणजे घोड्यांची निगा राखणारा. आमचा शिलेदार घोड्यावर बसत नव्हता, घोड्याला खरारा करत होता. मी आप्पांकडे बघायचं टाळलं. तेच म्हणाले, चालेल, घोड्याजवळ तर होता.

ही नोंद रणोजी स्वतः नाशिकला आला तेव्हाची होती; पुढच्या पानावर आणखी एक होती, पाच वर्षांनंतरची. रणोजीच्या अस्थी घेऊन त्याचा मुलगा मामाबरोबर आला होता. मुलाच्या नावापुढे "अज्ञान" असा शब्द होता, म्हणजे वयात न आलेला. मी दोन्ही पानांचे फोटो घेतले.  त्या संध्याकाळी खोलीवर आप्पा म्हणाले, नाशिकपर्यंत आला होता म्हणजे. इथून गाव किती राहिलं होतं. मग का नाही गेला?

नाशिकहून साताऱ्याला एक पूर्ण दिवस धरा. सिन्नर, संगमनेर झपाट्याने मागे पडतात, पण चाकणला आम्ही तासभर अडकलो. पुढे खंबाटकीचा घाट चढल्यावर हवा बदलली. साताऱ्यात बसस्टँडजवळ दोन हजारांच्या आत स्वच्छ खोली मिळाली. रात्री ज्वारीची भाकरी आणि पिठलं खाताना वाढणाऱ्याने विचारलं, गुजरातचे का तुम्ही? आप्पांना वाईट वाटलं. बडोद्यात आयुष्यभर त्यांना लोक मराठी म्हणून ओळखत आले, आणि इथे आल्यावर ते गुजराती झाले.

सकाळी गावात पोचलो. गावाचं नाव इथे मुद्दाम देत नाही, त्या घरातल्या लोकांना ते बरं वाटणार नाही. पारावर कदमांचं घर विचारलं तर एकजण म्हणाला, "कुठल्या कदमांचं? निम्मं गाव कदमच हाय." आप्पांनी बाळोजी कदमांचे वंशज, असं सांगितलं. मग दूध घालून परत चाललेल्या विलास नावाच्या पन्नाशीतल्या माणसाने आम्हांला स्वतःच्या घरी नेलं. बाळोजी त्याच्याच घराण्यातले, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याचं आल्याचं शेत आहे. अंगणात नुकतंच काढलेलं आलं पसरलं होतं आणि सगळ्या घराला त्याचा वास होता. त्याची आई हौसाबाई, पंचाहत्तरीची, आलं निवडत बसली होती. तिने हात पुसून आम्हांला पाणी दिलं, कुठून आलो ते विचारलं आणि मग आप्पांना म्हणाली, "नाव काय म्हनायचं तुमचं?"

"रणोजी."

 विलासने आईकडे बघितलं. मग तो हळूच म्हणाला, "आमच्यात हे नाव ठेवत न्हाईत."

पुढचं सगळं हौसाबाईने सांगितलं. तिला ते तिच्या सासूकडून कळलेलं आणि सासूला तिच्या सासूकडून. बाळोजीचा मुलगा रणोजी चाकरी शोधायला बडोद्याकडे गेला, तेव्हा घरात त्याची बायको साळूबाई होती आणि कडेवर सहा महिन्यांचा मुलगा. दोन दिवाळ्यांना निरोप आला, पुढे काहीच नाही. दीर म्हणाले, मेला असेल. साळूबाईने कुंकू पुसायला नकार दिला. निरोप आल्याशिवाय मी पुसणार नाही, म्हणाली. ओढ्यापलीकडचं खडकाळ रान तिच्या वाट्याला आलं. त्यातले दगड तिने स्वतः वेचले, बांध घातला, मुलगा वाढवला. नातवाच्या लग्नात हळद तिनेच पहिल्यांदा लावली. गेली तेव्हा तिला हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून नेलं. त्या रानाला गाव अजून सवाशिणीचं रान म्हणतं. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला हे घर दरवर्षी तिच्या नावाने एक सवाशीण जेवू घालतं. विलास, त्याची मुलं, ते सगळे त्या सहा महिन्यांच्या मुलाचे वंशज.

आणि आम्ही वहीतल्या गंगाबाईचे. आप्पांना हे समजायला वेळ लागला नाही. मी त्यांची ब्लड प्रेशरची गोळी द्यायला उठले तर त्यांनी मला खुणेने बसवलं. त्यांनी सांगून टाकलं की बडोद्याला त्याचा दुसरा संसार होता, आम्ही त्यातले. घरात कुणी आवाज चढवला नाही. विलासच्या बायकोने चहा आणला तो तसाच गार झाला.

मग हौसाबाईने विचारलं, "तो गेला कधी? तिच्या आधी का मागनं?"

फोटो माझ्या फोनमध्ये होता. रणोजी गेला तेव्हा त्याचा बडोद्याचा मुलगा लहान होता, आणि साळूबाईने नातवाचं लग्न बघितलं होतं. उत्तर उघड होतं. मला वाटलं, आता आप्पांनी माहीत नाही म्हणावं. दीडशे वर्षांहून जास्त काळ एका घराने जपलेली गोष्ट आपण चेवड्याच्या पिशवीबरोबर येऊन मोडायची, याचा आपल्याला काय अधिकार? मी आप्पांच्या कोपराला हात लावला. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "तो आधी गेला, बाई. पुष्कळ वर्षं आधी. आमच्या माणसांनी तुम्हांला कळवायला हवं होतं. नाही कळवलं. मी माफी मागतो."

 हौसाबाईने आल्याचा एक गड्डा घेऊन त्याची माती खरवडली, मग दुसऱ्याची. नंतर म्हणाली, "कागद तुमच्याकडचा हाय, तो खरा आसंल. पर तिनं जसं मानलं तसंच आमी करनार. नवमीला सवाशीनच जेवंल."

आप्पा म्हणाले, असंच करा.

जेवायला तिने आम्हांला सोडलं नाही. भाकरी, घेवड्याची आमटी, ओल्या आल्याची चटणी. चेवडा मुलांनी तिथल्या तिथे फस्त केला आणि तो गोड का लागतो, असं विचारलं. दुपारी विलास आम्हांला रानात घेऊन गेला. बांधाचे दगड खांद्याएवढे उंच रचलेले आहेत, एकावर एक, चुन्याशिवाय. एका बाईने हे केलं यावर माझा विश्वास बसेना. विलास म्हणाला, आम्हीही अधूनमधून दगड घालतो, पण खालचे थर तिचे. आप्पांनी चपला काढल्या, खालच्या थराला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. परत फिरताना चपला घालायचं ते विसरले, काट्यांतून तसेच चालत आले. चपला मी हातात घेतल्या.

परतीच्या वाटेवर नाशिकला पुन्हा थांबणं ठरलेलं नव्हतं. आप्पांनी थांबायला लावलं. गुरुजींना सगळं सांगितलं आणि वहीत साळूबाईचं नाव घालायला सांगितलं. जुन्या पानात फेरफार करत नाही, असं गुरुजींनी स्पष्ट सांगितलं आणि ते बरोबरच होतं. मग त्या दिवसाच्या तारखेची नवी नोंद झाली. आप्पांनी स्वतःच्या हाताने, बाळबोध अक्षरात, रणोजीची पहिली पत्नी साळूबाई, तिचा मुलगा, आणि मग खाली ओळीने विलासच्या मुलांपर्यंत सगळी नावं लिहिली. विलासला फोन लावून ती विचारून घेतली होती. एका नावाची वेलांटी चुकली म्हणून पुन्हा फोन केला.

आता बडोद्याला येऊन महिना होऊन गेला. दादा पहिल्यांदा चिडला. घराण्याची अशी गोष्ट लोकांना कशाला सांगायची, आणि ब्लॉगवर तर मुळीच नको, असं त्याचं म्हणणं होतं. मी लिहिलेलं आप्पांनी त्याला वाचायला दिलं. वाचून त्याने फक्त त्या बांधाचा फोटो आहे का, असं विचारलं.

मी ज्याला शोधायला निघाले तो रणोजी मला फारसा सापडला नाही. तो परत का गेला नाही, कुणी त्याला अडवलं, की त्याला लाज वाटली, की नव्या गावात तो रमला, हे कुठल्याच वहीत नाही. त्याच्याबद्दल मला पूर्वी जेवढं माहीत होतं त्यातलंही थोडं कमी झालं. मला याचं दुःख होईल असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही. कधी वर्गात शिकवताना मध्येच मनात येतं, साळूबाई दगड उचलत असताना कडेवरचा मुलगा कुठे ठेवत असेल.

आप्पा रोज संध्याकाळी बागेत जातात. तिथे त्यांच्या वयाची चार मंडळी असतात, निम्मी गुजराती, निम्मी आमच्यासारखी. मागच्या आठवड्यात मी त्यांना आणायला गेले तेव्हा एक काका त्यांच्या गुजराती मिसळलेल्या मराठीत विचारत होते, काय रणोजीभाई, मळलं का तुमचं जुनं गाम?

"गाव सापडलं," आप्पा म्हणाले. "आमची एक आजी तिथे मागे राहून गेली होती. ती पण सापडली."