बापटच्या सिनेमाचा शेवट

या ग्रुपवर लोक आपापले अनुभव लिहितात ते मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर हसायला. दुबईत करामाला एका इन्शुरन्स ऑफिसात मी क्लेम्स बघते. समोरचा जे सांगतोय त्यात खोट कुठे आहे हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. भूत, दृष्ट, बाहेरचं — असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. सासूबाई इथे आल्या की अमावस्येला नारळ ओवाळायच्या आणि मी त्याच्या वड्या थापायचे. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही.

आम्ही शारजात राहत होतो, अल नहदाला, दुबईच्या अगदी वेशीवर. वेशीवर ते नकाशात... संध्याकाळी करामाहून घरी पोचायला दीड तास लागायचा. नववा मजला, दोन बेडरूम. घरात मी आणि माझी अकरा वर्षांची लेक इरा. नितीन, माझा नवरा, दोन वर्षांपूर्वी गेला. हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत तो स्टोअर्स सांभाळायचा.

नितीनला जगभरचे सिनेमे बघायचा नाद आणि मला सबटायटल्स वाचायचा कंटाळा. त्यामुळे तो लंच अवरमध्ये मोबाइलवर तुकड्यातुकड्याने सिनेमा बघायचा आणि संध्याकाळी मी पोळ्या करत असले की ओट्याला टेकून मला सांगायचा. परदेशी नावं त्याच्या डोक्यात टिकायची नाहीत. मग तो प्रत्येक पात्राला ठाण्याच्या आमच्या जुन्या सोसायटीतल्या कुणाचं तरी नाव देऊन मोकळा व्हायचा. एक कोरियन गुंड जोगळेकर होता आणि एक फ्रेंच नटी शकूवहिनी. हसता हसता माझ्या कितीतरी पोळ्या करपल्या असतील. गोष्ट संपली की "यल्ला", म्हणजे इथल्या अरबीत 'चला', असं म्हणत तो ताटं घ्यायला लागायचा.

त्याने सांगितलेला शेवटचा सिनेमा जपानी होता. नाव त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बर्फाळ गावात एक बापट राहतो, त्याची बायको कुमुद. कुमुद जिन्यावरून पडून मरते. बापट रोज संध्याकाळी दिवा लावून तिला हाक मारतो आणि ती येते. खरोखरची येते, समोर बसते, बोलते. फक्त दर वेळी येताना एक गोष्ट विसरून येते. आधी गावाचं नाव, मग आईचा चेहरा, मग स्वतःचं लग्न. आपण हाक मारली की ती आणखी थोडी पुसली जाते हे बापटला कळतं, पण संध्याकाळ झाली की त्याला राहवत नाही. आणि तिला त्या घरातून सुटता येत नाही, कारण हाक आली की यावंच लागतं.

मी म्हटलं, काय रे हे काळंकुट्ट, जेवणाच्या वेळेला. तो म्हणाला, ऐक तर. एके संध्याकाळी ती येते, बसते, बापटकडे बघते आणि विचारते, "तुम्ही कोण?"

इथे नितीन थांबला. "उरलेलं उद्या," म्हणाला. मी लाटणं उगारलं तर हसत पळाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता त्याच्या ऑफिसातून फोन आला. हार्ट अटॅक. त्रेचाळीस वर्षांचा होता.

त्याला पुण्याला नेलं, सगळं केलं आणि इराची शाळा होती म्हणून तीन आठवड्यांत परत आले. परत आल्यावर एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मी म्हणाले, "नितीन, आलास का रे?" हा वेडेपणा आहे हे मला कळत होतं. पण ते म्हटल्यावर छातीवरचं ओझं जरा हललं. मग रोजच म्हणू लागले. त्याला ऑफिसातलं सांगायचे आणि मनातल्या मनात त्याची उत्तरं यायची, टोमण्यांसकट. वर्षभराने उत्तरं कमी झाली. नंतर नुसते हुंकार. या उन्हाळ्यात तर मला त्याचा आवाजच आठवेना. मी घाबरले आणि आणखी हाका मारायला लागले.

पुण्याहून माझा भाऊ सारखा म्हणत होता, परत ये, इराला इथल्या शाळेत घालू. मला ते पटतही होतं. पण घराचं लीज संपत आलं की मी मुकाट्याने रिन्यू करून यायचे. हे घर सोडलं तर हाक मारायची कुठून? कुणाला सांगायची सोय नव्हती. या वर्षीचे कागद टेबलावर येऊन पडले होते आणि रविवारपर्यंत सही करून द्यायची होती.

तो सिनेमाही मी खूप शोधला. इंटरनेट पालथं घातलं, ऑफिसातल्या एका सिनेमावेड्या मुलीला विचारलं. असा सिनेमा कुणालाच माहीत नव्हता. बापट आणि कुमुद ही नावं मात्र मी कोणाजवळ उच्चारली नव्हती. ती आमच्या स्वयंपाकघरातली होती.

आता त्या गुरुवारचं. नितीन गेल्यावर गाडी विकली आणि मी कारलिफ्टने जायला लागले, म्हणजे महिन्याच्या बोलीवर तिघींत एक गाडी. ड्रायव्हर हनीफभाई, रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले. आमचा संबंध सलाम आणि "ताई, बेल्ट" एवढ्यापुरता. सहा महिन्यांत त्यांनी मला कधी माझं आडनावही विचारलं नव्हतं. त्या दिवशी बाकीच्या दोघी रजेवर होत्या. मी एकटीच मागे बसले होते.

सहाच्या सुमारास पुढे कुठेतरी अपघात झाला आणि रस्ता ठप्प झाला. रोजचा जाम सरपटत तरी असतो, हा हलेचना. उजवीकडे कठडा, डावीकडे ट्रेलर, इतका जवळ की दार उघडलं असतं तर त्याच्या चाकावर आपटलं असतं. बाहेर बेचाळीस डिग्री. मी शेजारणीला फोन करून इराला जेवायला घालायला सांगितलं. तासभर झाला. मला गुदमरायला लागलं, एसी चालू असूनही. दोन वर्षं आपण हेच करतोय, असं वाटलं. पुढे नाही, मागे नाही, उतरायची सोय नाही.

तेवढ्यात हनीफभाई समोर बघतच म्हणाले, "मग त्या बापटानं काय केलान, ठाव हाय ना ताई?"

मी विचारलं, कोण बापट?

"तो बर्फातला. बायको इचारते ना त्याला, तुमी कोन म्हनून." ते अगदी साध्या आवाजात बोलत होते, गावाकडची खबर सांगावी तसे. "बापट रडला नाय. बोल्लान, बाई, मी हितला भाडेकरू. तुमचे यजमान कवाच फुडं गेले. ठेसनावर तुमची वाट बगतायत, तुमी निघा. मग ती खूश झाली. त्याला शुक्रिया बोल्ली आनि दार उघडून गेली. बापट परत कंदी हाक मारला नाय."

मला उतरून पळावंसं वाटलं. हँडलवर हात ठेवला तर खिडकीत नुसतं ट्रेलरचं चाक. मी विचारलं, ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?

हनीफभाईंनी आरशात माझ्याकडे पाहिलं आणि तेच गोंधळले. म्हणाले, सकाळपासून डोक्यात फिरत होती, कुठे ऐकली ते आठवत नाही. सिनेमा बघून त्यांना वीस वर्षं झाली होती. नितीनला ते ओळखत नव्हते. त्यांनी ही गाडी घेतली तेव्हा नितीनला जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि त्याआधी ते मस्कतला होते. हे मी नंतर चारचौघांकडून तपासून घेतलं, सवयच आहे. "आनि बापट नावाचा मानूस तर मी जन्मात बगितला नाय," असं म्हणून त्यांनी आरशाला टांगलेली तसबीह, त्यांची जपमाळ, हातात घेतली.

घरी पोचायला साडेआठ झाले. इरा सोफ्यावर होती. मी पर्स न ठेवताच तिच्यासमोर बसले आणि एवढंच म्हणाले, बाबा मला एक जपानी सिनेमा सांगत होता, त्याचा शेवट आज मला कळला.

"ही टेल्स हर ही इज द टेनन्ट," इरा म्हणाली. "आय नो. बाबा टोल्ड मी फर्स्ट."

नितीन गेला त्याच्या आदल्या रात्री तो तिला झोपवताना शेवट सांगून बसला होता. आईला सांगू नकोस, तिला मी उद्या सांगणार, असं बजावून. तिचा आणि हनीफभाईंचा काही संबंध? ती स्कूलबसने जाते. हनीफभाई कोण, हेच तिने मला उलट विचारलं.

मग मी चिडले. दोन वर्षं मी तो सिनेमा शोधतेय हे तू बघत होतीस, मग सांगितलं का नाहीस? ती सोफ्याची शिवण उसवायला लागली.

"इफ आय टोल्ड यू, यू वुड स्टॉप कॉलिंग हिम."

म्हणजे रोज संध्याकाळी मी पोळ्या करत असताना पोर दाराआड उभी राहून ऐकत होती. मी त्याला धरून बसले होते आणि ती माझ्या हाकेला धरून बसली होती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या दिवशी आम्ही दोघी पोटभर रडलो. नितीन गेल्यावर एकत्र अशा रडलोच नव्हतो.

हनीफभाईंच्या डोक्यात तो बापट कुठून आला? तो सिनेमा खरंच कुणी काढलाय, की नितीननेच रचला होता? मला माहीत नाही, आणि तर्क लढवून लढवून मी थकले. रविवारी सही केली नाही एवढं खरं. हाकही मारली नाही.

घर सोडायच्या दिवशी सामान गेल्यावर इरा रिकाम्या स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर थांबले. आतून काही ऐकू आलं नाही. चारपाच मिनिटांनी ती आली, खाली बसून बुटांच्या लेस बांधल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही सेड, यल्ला."

तिने विचारलं काय होतं, ते मी अजून विचारलेलं नाही. मी दिवे बंद केले आणि आम्ही निघालो.