दोन विरुद्ध एक

आमच्या घरात लोकशाही आहे, असं बाबांचं ठाम मत होतं. ते बँकेतल्या युनियनचे पुढारी, पक्के लाल झेंड्याचे. घरातला प्रत्येक निर्णय हात वर करून व्हायचा. माणसं तीन, आणि बाबांचा हात वर गेला की आईचा आपोआप जायचा. म्हणजे मी जन्मले तीच अल्पमतात. शाळा, सहल, केसांची लांबी, सगळीकडे दोन विरुद्ध एक. रडायचीही सोय नव्हती, कारण हरायचे ते रीतसर.

बी.एस्सी. झाल्यावर मला कॉम्प्युटरचा कोर्स करायचा होता. बाबांनी बँकेत कॉम्प्युटर येऊ नयेत म्हणून मोर्चे काढलेले. "कामगाराच्या पोटावर पाय देणारं यंत्र माझी मुलगी शिकणार नाही," म्हणाले. माझा जीव नुसता घुसमटत होता. घराबाहेर पडून डेक्कनला जावं, तर तिथेही त्यांचेच कॉम्रेड चहा पीत बसलेले.

प्रवेशाची मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी बाबा टीव्हीसमोर खिळले होते. मॉस्कोत रणगाडे उतरले होते. कम्युनिस्ट राजवट टिकवायला तिथल्या कट्टर नेत्यांनी लष्कर बोलावलं होतं, आणि एका सेनापतीने लोकांवर गोळी झाडायला नकार दिला होता. सगळा डाव तिथेच फसला.

"फितूर!" बाबा ओरडले. "हुकूम पाळायचा सोडून!"

"समोर त्याचीच माणसं होती ना?" आई कणीक मळता मळता म्हणाली.

बाबांना ते ऐकूच आलं नाही. टीव्ही बंद करून त्यांनी तडक माझा विषय मतास टाकला. "कोर्सच्या विरोधात कोण?" त्यांचा हात वर गेला. आईचा परातीतच राहिला.

"अगं, हात."

"कणकेचा आहे."

"एकास एक," मी म्हणाले.

"मतं समसमान झाली की अध्यक्षांचं मत निर्णायक," बाबा म्हणाले. अध्यक्ष अर्थात तेच. आता या घरातून सुटका नाही, असं मला अगदी स्पष्ट दिसलं.

"बाजूने कोण, ते विचारलंच नाहीत," आई म्हणाली, आणि कणकेने भरलेला हात तिने तसाच वर केला.

बाबांनी आपला हात खाली घेतला. "इतकी वर्षं तू माझ्या बाजूने होतीस."

"अहो, तुम्ही हात वर कर म्हणालात, मी केला. मत कधी विचारलंत?"

दुसऱ्या दिवशी मी कोर्सला नाव घातलं. तोवर मला वाटायचं, त्या घरात कोंडलेली मी एकटीच आहे.