बर्फातला नेमबाज निंबा

निंबानं उभ्या जन्मात बर्फ पाहिला तो उसाच्या रसात घालतात तेवढाच. पण बर्फावरच्या खेळांबद्दल त्याच्याशी वाद घालायची सुरतेच्या कतारगामात कोणाची टाप नव्हती! शिरपूरकडचा हा गडी चौदाव्या वर्षी सुरतेला आला, आणि तेव्हापासून लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांवर, बारा बारा तासांची पाळी. दारू नाही, पत्ते नाहीत. नाद एकच, मगनभाईच्या दुकानातला टीव्हीवरचा व्हिडिओ गेम. पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत सुटायचं आणि मध्येच थांबून बंदुकीनं पाच निशाणं पाडायची. खेळातल्या दमलेल्या गड्याचं काळीज पडद्याच्या कोपऱ्यात लालभडक उडायचं. दोन ठोक्यांच्या मध्ये गोळी झाडली तरच नेम लागायचा. निंबाचा कधी चुकत नसे.

त्र्याण्णव साली मगनभाईनं कॉम्प्युटर आणला. त्यावरही तोच खेळ होता.

"निंबाभाई, दोन्ही खेळून बघ, कुठला सरस ते गिऱ्हाइकांना समजावून सांग. जमलं तर दुकान तूच सांभाळ. खातं सोडून दे," तो म्हणाला.

अहो, निंबाला आभाळ ठेंगणं झालं! घरी जाऊन त्यानं बायकोला, शकूला, सांगूनही टाकलं, सोमवारपासून लूम बंद.

रविवारी दुकानात हिरे घासणारे, लूमवाले, सगळे जमले. निंबा ऐटीत बोलू लागला. टीव्हीतला बर्फ निळसर, कॉम्प्युटरचा दुधासारखा. टीव्हीतला गडी पडला की कोलांट्या खातो, हा नुसता आडवा होतो. उडी मारावी तर टीव्हीवर, घसरावं तर कॉम्प्युटरवर. लोक माना डोलवत होते. मग बंदुकीची पाळी आली. पाचही गोळ्या वाया गेल्या. पुन्हा पाच झाडल्या, त्याही वाया.

"बनवणाऱ्यानं माती खाल्ली!" निंबा तडकला. "ह्यात काळीजच नाही. ठोका दिसत नाही, तर नेम धरायचा कसा?"

"दिसत नाही, पण वाजतो की," एक हिरेवाला म्हणाला. "टिक, टिक. ऐक ना."

निंबाला वाटलं, लेकाचा थट्टा करतोय. त्यानं कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला. काही नाही. हिरेवाल्यानं डोळे मिटून टेबलावर बोटानं ताल धरला. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. सगळ्या हिरेवाल्यांची बोटं एकदमच वर होत होती, एकदमच खाली येत होती. निंबा बघतच राहिला.

लूमच्या चौदा वर्षांच्या खडखडाटानं निंबाचे कान खाल्ले होते आणि बिचाऱ्याला पत्ता नव्हता. लागणार तरी कसा? खात्यात सगळेच खाणाखुणांनी बोलतात.

"गिऱ्हाईक मागून हाक मारणार," मगनभाई खाली बघत म्हणाला. "कसं जमायचं, भाई?" हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

निंबानं घरी येऊन दारातच शकूला सांगितलं, की दुकान गेलं, उद्या पाळीला जायचंय, मला ऐकू येत नाही. भाकरी थापणारे तिचे हात थांबले.

"मी दोन वर्षं हाका मारतेय," ती म्हणाली. तो कपाळाला आठ्या घालून तिच्या तोंडाकडे बघत राहिला, तशी ती उठून अगदी जवळ आली आणि ओरडली, "दोन वर्षं! तुम्ही वळूनसुद्धा बघत नव्हता. मला वाटलं, नकोशी झाले मी. ह्याच खोलीत, तुमच्या पाठीमागे बसून रोज रडले!"

निंबाला शब्द न् शब्द ऐकू आला.