डावा मार, उजवीकडं वळ

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास मी सॅपर होतो, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर रेजिमेंटमधला साधा जवान. सुट्टीवर गावी, देवणीला गेलो तर विहिरींचे तळ दिसत होते. वडील म्हणाले, "जिल्हा आला म्हणं. पानी कवा येनार हाय?" युनिटला परतलो आणि दुसऱ्याच दिवशी ऑर्डर मिळाली: कयाक कोर्स, जागा धरणाचा जलाशय, रिपोर्ट सकाळी सहा.

कयाक म्हणजे एकट्याने बसायची अरुंद होडी. वल्हं एकच, दोन्ही टोकांना पातं. कमरेला बांधलेलं रबरी झाकण होडीच्या तोंडावर ताणून बसवायचं, म्हणजे पाणी आत येत नाही. या झाकणाला स्कर्ट म्हणतात हे कळल्यावर लान्स नाईक हणमंत बिरादार मला 'घागरेवाली' म्हणू लागला. हणमंत उदगीरकडचा. पलटणीत गाववाला म्हणजे सख्खा भाऊच.

पहिलं ड्रिल होडी उलटवण्याचं. डोकं पाण्याखाली, होडीवर तीन थापा, मग स्कर्टची पट्टी ओढून बाहेर. पोटभर पाणी गिळलं. खोकत वर आलो तर हणमंत म्हणतो, "आरं, देवनीला बी ठिव थोडं!"

खरी पंचाईत वळण्याची होती. बैलगाडी हाकलेल्या हाताला एकच ठाऊक: उजवीकडे जायचं तर उजवा कासरा ओढायचा. मी उजवीकडे वल्हं मारायचो आणि होडी हमखास डावीकडे जायची. उस्ताद, म्हणजे आमचे इन्स्ट्रक्टर, किनाऱ्यावरून ओरडायचे, "किधर जा रहा है, जवान?"

संध्याकाळी हणमंतने मला वाळूत बसवून हातात वल्हं दिलं. "बैल हाकायलास व्हय? डावा मार, उजवीकडं वळतंय. लई सोपं हाय."

शेवटच्या दिवशी टेस्ट होती. मध्यावर वारा सुटला आणि माझ्या उजव्या हाताला हणमंतची होडी उलटली. तीन थापा ऐकू आल्या. तो बाहेर येईना. स्कर्टची पट्टी बाहेर मोकळी ठेवायची असते. घाईत त्याने ती धोतराच्या सोग्यासारखी आत खोचली होती, हे नंतर कळलं. त्याचे हात तेवढे पाण्यावर चाचपडत होते.

मी उजवा मारला. होडी त्याच्यापासून लांब गेली. सेफ्टी बोट बरीच मागे होती.

मग डावा मारला. पुन्हा डावा. माझ्या होडीचं टोक वळून त्याच्या हाताला लागलं. टोकाचा आधार घेऊन तो होडीसकट वर आला, खोकला, आणि पहिलं वाक्य बोलला, "आधी उजवा मारलास न्हवं?"

"हाव," मी म्हणालो. दोघेही हसत सुटलो. इतका आनंद मला पुढे मेडल घेतानाही झाला नाही.

काही वर्षांनी सरहद्दीवर सुरुंग काढताना हणमंत गेला. मी दुसऱ्या प्लाटूनमध्ये होतो. रेडिओवर आवाज आला, "बिरादार हिट. ओव्हर." निरोप पोचला या अर्थी मी "रॉजर" म्हणालो. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं. त्या दिवशी खूप रडलो.

आता देवणीत शेती करतो, सुखात आहे. गाडी उजवीकडे वळवायची असली की अजून माझा डावा हात आधी ओढतो. बैल बुचकळ्यात पडून भलतीकडेच वळतात, मालकीण कपाळाला हात लावते. मी हणमंतचं नाव घेतो आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणतो.