सतराचा पाढा आणि झोळीची दोरी

परवा आमच्या शाळेत दिप्टीसाहेबांनी, म्हणजे शाळा तपासणाऱ्या साहेबांनी, परीक्षा घेतली. अजून खांदे दुखताहेत माझे, आणि घसा बसलाय तो वेगळाच...

आमची म्हणजे जुन्या नाशकातली मुलींची शाळा, म्युनिसिपालिटीची. अर्ध्या इमारतीत माझा मराठी वर्ग, अर्ध्यात जुलेखाबींचा उर्दू वर्ग. मध्ये फळ्यांची भिंत, आणि पुढे दोघींची मिळून एक ओसरी.

दोन्ही वर्गांचं दुखणं मात्र एकच. आया घरी विड्या वळतात नाहीतर मागावर बसतात, त्यामुळे धाकटं भावंड मोठ्या मुलीच्या कडेवर. भावंडं शाळेत आणायची नाहीत असा नियम, म्हणून मुलगीच येत नाही... आणि निकाल पडला की खापर आम्हा बायकांवर.

गेल्या वर्षी स्कूल बोर्डाने आम्हाला सभेला बोलावलं. सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले एक मेंबर शहराच्या शैक्षणिक उन्नतीवर बोलत राहिले, मला तर डुलक्या येत होत्या. शेवटी कळलं ते एवढंच, की यंदा निकाल सुधारला नाही तर दोन्ही वर्ग बंद, मुलींनी पंचवटीच्या शाळेत जावं. नदी ओलांडून मुलीला शाळेत कोण पाठवतंय हो?

घरी परतताना जुलेखाबी म्हणाल्या, पोरं येऊ देत, नियम गेला चुलीत. दुसऱ्याच दिवशी आम्ही ओसरीच्या तुळईला जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. दोन्ही वर्गांतल्या मुली आळीपाळीने दोरी ओढायच्या आणि ओढता ओढता पाढे घोकायच्या, कुणी मराठीत, कुणी उर्दूत.

दोरीच्या त्या करकरीने वर्षभर डोकं उठलं माझं. पण वर्ग भरला... विडीवालीची शेवंता, जिला पाचाचा पाढा धड येत नव्हता, ती सतराचा घडाघडा म्हणायला लागली.

आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी बोर्डाचे सुपरवायझर येऊन तणतणून गेले. दिप्टींना एकही पोर दिसता कामा नये म्हणे. पोरं नाहीत तर मुली नाहीत, आणि गैरहजर म्हणजे नापास... मी तशीच जुलेखाबींकडे धावले.

उर्दू वर्गाची परीक्षा आमच्या दुसऱ्या दिवशी होती. जुलेखाबींनी आपल्या मुलींना सुट्टी दिली आणि सगळ्या झोळ्या आपल्या वर्गात बांधून घेतल्या. "आज तुमची पोरं मी बघते, कल मेरी तुम देखना," एवढं म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

दिप्टींनी नेमकं शेवंतालाच उठवलं. सतराचा पाढा म्हण म्हणाले. सतरा एके सतरा, सतरा दुणे... आणि बाई गप्प. उजवा हात नुसता हवेत काहीतरी चाचपडत होता.

साहेबांनी पुन्हा विचारलं तशी ती रडवेली झाली. "दोरी नाय ना सायेब. हालवल्याबिगर येतच नाय."

दुसरीला उठवलं, तिचीही तीच गत. अगं बाई, हे माझ्या कसं लक्षात आलं नाही... दोरीशिवाय पाढा म्हणायची वेळच कधी आली नव्हती त्यांच्यावर. वर्ग गेला, असंच धरून चालले मी.

तेवढ्यात भिंतीपलीकडून करकर ऐकू आली. संथ, रोजच्या चालीवर. जुलेखाबींनी सगळं ऐकलं असणार.

शेवंताची मान डोलायला लागली. चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट... थेट शेवटपर्यंत गेली पोरगी. मग बाकीच्याही एकेक करून म्हणाल्या.

तिकडे एका पोराने भोकाड पसरलं. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खोटं बोलायचंही त्राण नव्हतं, सगळं सांगून टाकलं. ते उठले आणि फळ्यांच्या फटीतून पलीकडे डोकावले. मग म्हणाले, "झोळ्या ओसरीवरच बांधा. आत कोंदट होतं पोरांना."

काल उर्दू वर्गाची पाळी. सगळी पोरं माझ्या गळ्यात, आणि मी ओसरीवर दोन्ही हातांत दोऱ्या घेऊन बसलेली. एकाला अंगाई म्हणून निजवावं तर दुसरं जागं होतंय, मी पेंगतेय, हात आपोआप थांबला. आणि आतला पाढा मध्येच तुटला.

मी खडबडून जागी झाले आणि दोरी ओढली. जोरात, आत ऐकू जाईल अशी. दोन करकरींनंतर आतली मुलगी पुढे म्हणायला लागली.

जाताना साहेबांनी सुपरवायझरना सांगितलं, निकाल चांगला आहे, दोन्ही वर्ग इथेच राहतील. जुलेखाबी दारात डोळे पुसत उभ्या होत्या. मला उठून त्यांच्याजवळ जायचं होतं हो... पण पोरं नुकतीच निजली होती, दोरी सोडता येईना.