धाकट्या घंटेची अट

चामराजपेटेत आमच्या घरामागे एक चर्च आहे. त्याच्या मनोऱ्यात दोन घंटा आहेत. थोरलीचा इतिहास दाराजवळच्या संगमरवरी पाटीवर कोरलाय. इथे बेकरी चालवणाऱ्या एका विधवा बाईंनी ती दिली. जहाजाने मद्रासला आली, तिथून रेल्वेने. पुढे बाईंचे गुण, बाईंची भक्ती. धाकटीबद्दल पाटीवर अक्षर नाही. ती मी दिली.

दुसऱ्याच्या भट्टीवर वाळू चाळत मी ओतकाम शिकलो. आता शहराबाहेर बोम्मसंद्र्यात माझा स्वतःचा कारखाना आहे, पंपांचे भाग ओततो. जुनी धाकटी घंटा तडकली तेव्हा फादर माझ्याकडे आले. मी पहिल्यांदा ओतलेली घंटा पातेल्यासारखी वाजली. वितळवून पुन्हा ओतली. ती मात्र अशी बोलली की कामगार हात थांबवून बघत राहिले.

"अण्णा, तिच्यावर तुमचं नाव घालू या," फादर कन्नडमध्ये म्हणाले.

"नाव नको. एक अट आहे. आमच्या घरात कोणी गेलं, तर ही वाजवायची."

चर्चच्या माणसांतलं कोणी गेलं की थोरली घंटा संथ वाजते. ती ऐकली की माझी बायको हातातलं काम ठेवून उभी राहायची, ओळख असो वा नसो. मला वाटलं, हिलाही असा मान मिळावा.

"पण ती रीत आमच्या माणसांसाठी आहे."

"मग नेतो परत. पंपाचे भाग होतील तिचे."

फादर हसून कबूल झाले. "सरी अण्णा, सरी."

बायको शेजारीच उभी होती. घरी परतलो. जिना चढताना म्हणाली, "अहो, माझ्या मरणाचा सौदा केलात. मला विचारायचं तरी!"

"तुझ्या कशाला? घरात मीही आहे."

"तुम्ही? तुम्ही यमालाही उद्या ये म्हणाल. आणि तो ऐकेलही!"

मी चिडलो. चांगलं करायला जावं तर हे असं.

पुढे तिचं दुखणं निघालं. लेक हुबळीहून येऊन-जाऊन असायची. मी सकाळी कारखान्यासाठी होसूर रोडला लागायचो, परतायला अंधार व्हायचा. रविवारी गिऱ्हाइकांकडे चक्कर. उपचार थांबू नयेत म्हणून कारखाना चालला पाहिजे, असं मी सगळ्यांना सांगायचो. ते खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं. ती अंथरुणावर असताना घरात बसणं मला जमत नव्हतं.

ती गेली त्या दिवशी फादर स्वतः येऊन हात जोडून गेले. तिला बाहेर काढलं आणि मी चर्चच्या फाटकापाशी सगळ्यांना थांबवलं. घंटा वाजेना. खांदेकरी कुजबुजले, "अण्णा, चला आता." मी मनोऱ्याकडे बघत राहिलो. शेवटी निघालो. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता संताप होता.

तेरावं झाल्यावर फादरना गाठलं. तोंडाला येईल ते बोललो. शब्द फिरवणारे म्हणालो, घंटा उतरवून नेतो म्हणालो. त्यांनी मला बसवलं.

"घरच्या अक्कांनी अट बदलून घेतली होती, अण्णा."

"कुणाला विचारून?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, यांनी मला विचारलं होतं का?"

दुखणं कळल्यावर ती भिंतीला धरून एकटीच त्यांच्याकडे गेली होती. म्हणाली, मेल्यावर वाजवून मला काय ऐकू येणार? रोज दुपारी चारला वाजवा. मी माडीवरच्या खिडकीत बसते. प्रार्थनेचा रविवार सोडून रोज चारला माझी घंटा वाजत होती. समोरच्या फुलवालीला माहीत, लेकीला माहीत. बोम्मसंद्र्यातल्या मला कोण सांगणार?

"मला का नाही सांगितलंत?"

"नको म्हणाल्या. एखाद दिवशी दुपारी घरी येतील, तेव्हा आपणच ऐकतील म्हणाल्या."

जन्मभर मी सौदे केले. गिऱ्हाईक थकेपर्यंत ताणून धरायचं, ही माझी ख्याती. हिने माझाच माल घेतला, माझीच अट फिरवली आणि मला पत्ता लागू दिला नाही. राग येतो. फादरचा येतो, लेकीचा येतो. हिचाही येतो. एक शब्द बोलली असती तर आलो असतो. असं मी म्हणतो. पण ती "आज राहा ना" म्हणायची, तेव्हा मी चपला घातलेल्या असायच्या.

तो आवाज मी कारखान्यात ऐकलाय, चाचणीपुरता. मनोऱ्यातून चारच्या उन्हात आमच्या खिडकीत तो कसा येतो, मला माहीत नाही. ती गेल्यापासून दुपारी घंटा वाजत नाही.

निघताना फादर म्हणाले होते, "अट अजून आहे, अण्णा. घरात आता तुम्हीच. आधी वाजवू की नंतर, तेवढं सांगा."

अजून सांगितलेलं नाही. आधी म्हणालो, तर चारला घरी बसावं लागेल, त्या खिडकीत, एकट्याला.

चारला मी अजूनही बोम्मसंद्र्यातच असतो.